छायाचित्राखालचे नाव

आमच्या गावातील प्राथमिक शाळेच्या इमारतीचे दगड ज्या माणसांनी घडवले, त्यांत माझे वडील होते. त्या इमारतीच्या कोनशिलेवर त्या वेळच्या एका मंत्र्याचे नाव आहे. दगड घडवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथे नाही. लहानपणी मला त्यात काही वावगे वाटत नसे. पुढे शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो, महाविद्यालयात शिकवू लागलो. अभ्यासवर्गांतून ‘श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे’ या व्यवस्थेवर तासन्‌तास बोलू लागलो. आणि एवढे सगळे बोलून झाल्यावर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः त्या कोनशिलेसारखाच वागलो. त्या प्रसंगातून हा लेख निघाला आहे.

माझा एक विद्यार्थी बी. ए. झाल्यानंतर तालुक्याच्या गावी फोटोग्राफीचा धंदा करतो. लग्न, बारसे, सभा, वाढदिवस अशा ऑर्डरी घेऊन तो घर चालवतो. कॅमेरा जुना, दुसऱ्याने वापरलेला, तोही हप्त्यांवर घेतलेला. एका ६ डिसेंबरला तीन दिवसांच्या ऑर्डरी सोडून तो स्वखर्चाने चैत्यभूमीला गेला. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांपुढे त्याने एका म्हाताऱ्या बाईचा फोटो काढला. डोक्यावर गाठोडे, पायांत वहाणा नाहीत, आणि नुकतेच विकत घेतलेले पुस्तक छातीशी धरलेले. मागे निळा झेंडा. बाईला वाचता येत नव्हते, पुस्तक नातवासाठी होते. हे तिनेच त्याला सांगितले, कारण फोटो काढण्यापूर्वी तो तिच्याशी बोलला होता आणि तिची परवानगी त्याने घेतली होती.

हा फोटो त्याने कोपऱ्यात आपले नाव घालून फेसबुकवर टाकला. पुढच्या एप्रिलपर्यंत त्या फोटोचे चार संसार झाले. एका बातम्यांच्या संकेतस्थळाने नावाचा कोपरा कापून तो एका लेखावर लावला. एका छापखान्याच्या मालकाने तो जयंतीच्या दिनदर्शिकेवर छापला आणि दिनदर्शिका विकली. एका होतकरू पुढाऱ्याने तो फ्लेक्सवर घेतला आणि मागच्या निळ्या झेंड्याला आपल्या पक्षाचा रंग दिला. चौथा गुन्हेगार मी. आमच्या महाविद्यालयाच्या जयंती व्याख्यानमालेच्या पोस्टरवर तो फोटो मीच लावला. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, मला आवडला, मी घेतला. कोणाचा आहे असा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नाही.

पोस्टर पाहून तो स्टाफरूममध्ये आला. म्हणाला, “सर, पोस्टर चांगलं झालंय. फोटो माझा आहे.”

मी हसून म्हणालो, “अरे, मग आनंद मान की! तुझा फोटो आता समाजाचा झाला.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तुमच्या कवितासंग्रहावरचं नाव काढून मी तो छापून वाटला, तर तोही समाजाचाच होईल ना?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर शोधण्यासाठी मी कायदा वाचला, वकील मित्रांशी बोललो, आणि त्या मुलाबरोबर पुढचे वर्षभर पत्रव्यवहारही केला. त्यातून जे समजले ते आपल्या कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्यासारख्या शिक्षकांपुढे ठेवतो आहे.

१. फोटो कोणाचा?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात छायाचित्राला ‘कलाकृती’ म्हटले आहे, आणि त्या कृतीत कलागुण असोत वा नसोत, ती कलाकृतीच, असे स्पष्ट लिहिले आहे. दलित साहित्याला ‘कलामूल्य’ आहे का, असा प्रश्न विचारणाऱ्यांशी आपण कितीतरी वर्षे वाद घातला. कायद्याने तो प्रश्न फोटोग्राफरला विचारलेलाच नाही. फोटो मोबाइलवर काढलेला असो वा महागड्या कॅमेऱ्यावर, काढणारा प्रसिद्ध असो वा तालुक्याच्या गावचा, हक्क सारखाच.

हा हक्क पहिल्यांदा कोणाकडे जातो? कायद्याच्या भाषेत छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र घेणारी व्यक्ती. कळ दाबली आणि फोटो तयार झाला, की हक्क जन्माला आला. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, कोपऱ्यात चिन्ह छापण्याचीही अट नाही. नोंदणी केली तर न्यायालयात पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो, एवढेच. पूर्वी छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे टिकत असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या फोटोवर उद्या त्याच्या मुलांचाही हक्क आहे. ज्यांच्याकडे सातबारा नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

याला अपवाद आहेत आणि ते फोटोग्राफरांनी नीट समजून घेतले पाहिजेत. कोणी पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या अल्बममधले फोटो लग्नघराचे असतात. ते आपल्या दुकानाच्या जाहिरातीत वापरायचे तर फोटोग्राफरनेच त्यांची परवानगी घेतली पाहिजे. वृत्तपत्राच्या पगारी नोकरीत काढलेल्या फोटोच्या प्रसिद्धीचा हक्क उलट करार नसल्यास मालकाकडे जातो, इतर बाबतींत तो छायाचित्रकाराकडेच राहतो. चैत्यभूमीचा फोटो मात्र कोणी सांगून, पैसे देऊन काढून घेतलेला नव्हता. तो पूर्णपणे त्या मुलाचा होता.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. ‘तोंडी ठरले होते’ म्हणून मालकी बदलत नाही. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा सही करण्यापूर्वी कागद वाचावा. अंगठ्याच्या जागी सही आली म्हणजे आपण साक्षर झालो असे होत नाही.

आणखी एक कलम आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ५७ वे. हक्क विकून टाकला तरी दोन गोष्टी कर्त्याकडेच राहतात. ही कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड कोणी केली तर तिला हरकत घेण्याचा अधिकार. पुढाऱ्याने झेंड्याचा रंग बदलला तो प्रकार यात येतो. त्या मुलाला त्या फ्लेक्सचे सर्वांत जास्त दुःख झाले होते. पैसे बुडाल्याचे नव्हे, तर आपल्या फोटोच्या तोंडून दुसऱ्याने भलतेच बोलून घेतल्याचे.

२. तीन सबबी

फोटो उचलणाऱ्यांकडे तीन उत्तरे हमखास तयार असतात.

पहिले उत्तर असे, की इंटरनेटवर होता, म्हणजे सर्वांचाच होता. हे चूक आहे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना आपण त्या कंपनीला तो दाखवण्याची परवानगी देतो, मालकी देत नाही. आणि ती परवानगी तिसऱ्या माणसाला मिळत नाही. या बाबतीत हैतीचे छायाचित्रकार दानिएल मोरेल यांचा खटला सांगण्यासारखा आहे. काळ्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला हा देश. तिथे १२ जानेवारी २०१० रोजी प्रचंड भूकंप झाला. मोरेल राजधानीतच होते. त्यांनी त्याच संध्याकाळी आपले फोटो ट्विटरद्वारे जगापुढे ठेवले. दुसऱ्या एका माणसाने ते स्वतःचे म्हणून पुढे टाकले. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने ते उचलून, गेटी इमेजेस या कंपनीमार्फत जगभर वितरित केले. मोरेल यांनी तक्रार केली तेव्हा वृत्तसंस्थेनेच आधी त्यांच्यावर दावा लावला! ट्विटरवर टाकलेला फोटो कोणीही वापरू शकतो, असे तिचे म्हणणे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते मानले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने आठ फोटोंसाठी मोरेल यांना १२ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. ज्यांच्या घरांचा ढिगारा झाला त्यांच्यातलाच एक माणूस कॅमेरा घेऊन उभा होता, आणि जगातल्या मोठ्या संस्थांनी त्याची परवानगी न घेता त्याचे काम विकले. ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

दुसरे उत्तर असे, की प्रसिद्धी मिळाली ना, मग आणखी काय हवे? नाव कापल्यावर प्रसिद्धी कोणाची? आणि प्रसिद्धीने कॅमेऱ्याचा हप्ता फिटत नाही. बलुतेदारीत काम करून घ्यायचे आणि मोबदला मर्जीने द्यायचा, हा जो व्यवहार होता, त्याचेच हे नवे रूप आहे.

तिसरे उत्तर सर्वांत अवघड, कारण ते आपल्या घरातून येते. समाजाचे काम आहे, पैसे काय मागता? दिनदर्शिकेच्या मालकाने त्या मुलाला हेच ऐकवले. पण छापखान्याचा कागद फुकट आला नव्हता, शाई फुकट नव्हती, आणि दिनदर्शिकाही तो विकतच होता. सगळ्या साखळीत समाजकार्य एकट्या फोटोग्राफरने करायचे होते. ज्याला समाजासाठी फोटो द्यायचा आहे तो खुशीने देईल, पण ते दान त्याच्या हातून व्हायला हवे. त्याच्या खिशातून काढून घेतल्यास त्याला दान म्हणत नाहीत.

कायद्यात मोकळीकही आहे, ती लपवण्याचे कारण नाही. खाजगी अभ्यास, टीका वा समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी उचित वापर चालतो. शिक्षकाने वर्गात शिकवताना फोटो वापरला तर हरकत नाही. मी आधी याच कलमाआड लपण्याचा प्रयत्न केला होता. पण व्याख्यानमालेचे पोस्टर म्हणजे वर्गातले शिकवणे नव्हे, हे मला मान्य करावे लागले.

३. काय करावे?

पहिली गोष्ट, मूळ फाइल जपावी. कॅमेऱ्यातून निघालेल्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत ती उरत नाही आणि फोटोही लहान होतो. मूळ फाइल ज्याच्याकडे, त्याचे म्हणणे सिद्ध करणे सोपे. एकाच फोटोच्या आगेमागे काढलेले फोटो तर आणखी चांगला पुरावा, कारण चोराकडे तो एकच फोटो असतो. आमच्या विद्यार्थ्याकडे त्या बाईचे सात फोटो होते.

दुसरी गोष्ट, नाव घालावे. फाइलच्या आतल्या माहितीत नाव आणि संपर्क लिहिता येतो. फोटोवरही नाव असावे, पण अगदी कोपऱ्यात नको, तिथे कात्री सहज चालते. इंटरनेटवर लहान आकाराची प्रत टाकावी, छापण्याजोगी मोठी प्रत स्वतःकडे ठेवावी. फाइलमधली हक्काची माहिती जाणूनबुजून पुसून टाकणे हाही २०१२ पासून गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट, शोध घ्यावा. गूगल लेन्स किंवा टिनआय यांत आपला फोटो टाकला की तो आणखी कुठे दिसतो ते कळते. महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरे.

चौथी गोष्ट, आधी पुरावा आणि मग पत्र. फोटो जिथे दिसला त्या पानाचे चित्र घ्यावे, त्यात पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. पत्र गेल्यावर समोरचा तो फोटो काढून टाकतो आणि मग ‘आम्ही वापरलाच नव्हता’ म्हणतो. प्रकरण न्यायालयात गेले तर अशा नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र जोडावे लागते, हे वकिलाला आठवण करून द्यावे.

पाचवी गोष्ट म्हणजे पत्र. ते सभ्य, थोडक्यात आणि ठाम असावे. फोटो माझा आहे, तो तुम्ही अमुक ठिकाणी, अमुक तारखेला विनापरवानगी वापरला आहे, माझी मागणी अशी आहे, आणि इतक्या दिवसांत उत्तर द्यावे. मागणी आधी स्वतःशी ठरवावी. नाव हवे, मोबदला हवा, की फोटो काढून टाकायला हवा? तिन्हींची सरमिसळ केली तर हाती काहीच लागत नाही. आणि खोटी धमकी देऊ नये. निराधार धमकी देणाऱ्यावरच उलट दावा करता येतो, अशी ६० व्या कलमात तरतूद आहे.

सहावी गोष्ट, उत्तर आले नाही तर ज्या कंपनीच्या जागेत फोटो आहे तिच्याकडे तक्रार करावी. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या अमेरिकन कंपन्या. तिथल्या १९९८ च्या कायद्यामुळे त्यांना अशा तक्रारींची व्यवस्था ठेवावी लागते, आणि भारतातल्या माणसालाही ती वापरता येते. त्यात मूळ कृती कोणती, चोरलेली प्रत कुठे आहे, आपला पत्ता, आणि माहिती खरी असल्याची सहीनिशी हमी द्यावी लागते. आपल्याकडेही २०१३ च्या कॉपीराइट नियमांत ७५ वा नियम आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर अशा मध्यस्थाने ३६ तासांत तो मजकूर लोकांना मिळणे थांबवावे, असे तो सांगतो. मात्र तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मध्यस्थ तो पुन्हा खुला करू शकतो.

शेवटची गोष्ट न्यायालयाची. मनाईहुकूम आणि भरपाई मागता येते, आणि कॉपीराइटचा दावा कर्ता जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावण्याची सोय ६२ व्या कलमात ठेवली आहे. जाणूनबुजून केलेल्या चोरीला ६३ व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. पण हे हत्यार शेवटी काढायचे, आणि आपल्यासारख्याच एखाद्या गरीब फ्लेक्सवाल्यावर तर मुळीच नाही.

‘वकील कुठून आणू?’ हा प्रश्न त्या मुलानेही विचारला होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात हे कार्यालय असते. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? पदवी घेतलेल्या मला ठाऊक नव्हते.

४. फोटोतला माणूस

एवढे सांगून थांबलो तर लेख अर्धवट राहील. कायदा हक्क देतो तो फोटो काढणाऱ्याला, फोटोत असणाऱ्याला नव्हे. १८५० साली अमेरिकेत रेंटी नावाच्या गुलामाचे आणि त्याच्या मुलीचे फोटो एका प्राध्यापकासाठी काढण्यात आले. काळा माणूस हीन आहे हे ‘सिद्ध’ करण्यासाठी, त्यांना उघडे करून. ते हार्वर्ड विद्यापीठाकडे राहिले. रेंटी आपले पूर्वज असल्याचे सांगणाऱ्या टमारा लॅनियर यांनी २०१९ मध्ये दावा लावला. फोटोत आहे म्हणून मालकी मिळत नाही, असेच न्यायालय म्हणाले. पण विद्यापीठाने त्यांना ज्या प्रकारे वागवले त्याच्या मनस्तापाबद्दल दाद मागता येईल, असा निर्णय २०२२ मध्ये मिळाला. शेवटी २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ते फोटो साउथ कॅरोलायनातील आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचे ठरले.

म्हणून आपल्या फोटोग्राफरने दोन्हीकडे पाहिले पाहिजे. आपला हक्क मागताना समोरच्या माणसाची परवानगी आणि प्रतिष्ठा विसरता कामा नये. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे सुधारक ओलवे यांनी छायाचित्रांतून मांडले, तमिळनाडूतल्या सफाई कामगारांचे एम. पळनी कुमार यांनी. या दोघांची कामे त्यांच्या नावानिशी उभी आहेत म्हणून आपण त्यांना प्रश्न विचारू शकतो, दाद देऊ शकतो, त्यांच्याकडून शिकू शकतो. निनावी फोटोची जबाबदारी कोणावरच नसते. उद्या यंत्राने बनवलेला खोटा फोटो आपल्या चळवळीच्या नावे फिरला, तर खरा कोणता हे सांगायला खालचे नावच उपयोगी पडणार आहे.

त्या चार प्रकरणांचे पुढे काय झाले ते सांगतो. संकेतस्थळाने तिसऱ्या पत्रानंतर गुपचूप फोटो काढून टाकला, दिलगिरी नाही. पुढाऱ्याचा फ्लेक्स जयंतीनंतर उतरला, त्याच्याशी भांडण्याची ताकद मुलाकडे नव्हती. दिनदर्शिकेच्या मालकाने बरीच घासाघीस करून दोन हजार रुपये दिले, आणि पुढच्या वर्षी स्वतःहून फोटो मागितला. आमच्या महाविद्यालयात मी प्राचार्यांकडून रीतसर मानधन मंजूर करून घेतले. त्या मुलाने त्यातून बाईच्या गावी जाऊन तिला फोटोची मोठी प्रत दिली.

माझ्या घरात बाबासाहेबांची एक तसबीर आहे, वडिलांनी आणलेली. परवा ती उतरवून पुसताना मी मागेपुढे पाहिले. कोणी काढला हा फोटो? कुठेही लिहिलेले नाही. त्या माणसाचा शोध आता लागणे कठीण आहे. पण आज जे हातात कॅमेरा घेऊन सभांत, मोर्चांत आणि अत्याचार झालेल्या वस्त्यांत उभे आहेत, ते आपल्याला माहीत आहेत. या अंकाचे वाचक पोस्टर करतात, स्मरणिका काढतात, गटांवर फोटो पाठवतात. पुढचा फोटो पाठवण्यापूर्वी एवढेच विचारावे, हा कोणी काढला? आणि उत्तर मिळाले की ते फोटोखाली लिहावे.